लाल झाला की उचलायचा नाही

घंटी पूर्ण वाजली आणि आपोआप तुटली. कमरोद्दीनने समोरच्या कागदावर मनकर्णाबाईच्या नावापुढे सहावी उभी रेघ ओढली आणि हेडफोन कानावरून गळ्यात उतरवला.

"लागला का?" डॉक्टर सुरेखा मॅडमनी दारातूनच विचारलं.

"लागतो मॅडम. वाजतो बी पूरा. पण उचलंना कुणी."

"किती वाजले?"

"सव्वाबारा."

मॅडमनी भिंतीला टेकून डोळे चोळले. "कमरोद्दीनभाई, पाचपर्यंत बघू. त्यापुढे मला थांबता येणार नाही. तिला आजच दाखल करून घ्यायचं, शुगर बघायची, बीपी बघायचं, तेव्हा उद्या सकाळी टेबलावर घेता येईल. नेत्रदानातून बुबुळ आलंय ते काही फ्रिजमध्ये माझी वाट बघत बसणार नाही. नाहीच लागली तर यादीतलं पुढचं नाव घ्या."

"लागंल मॅडम. तिच्यासारखी बाई फोन नाय उचलणार? तिला रात्री झोपेतून उठवलं तरी माझा आवाज वळखती ती."

"लावत राहा. तिचा डोळाही थांबणार नाही."

मॅडम गेल्या. कमरोद्दीनने पुन्हा हेडफोन चढवला.

शहागंजच्या मागच्या गल्लीतला हा डोळ्यांचा दवाखाना, ट्रस्टचा, वीस खाटांचा. कमरोद्दीन इथे एकतीस वर्षं होता. लागला होता वॉर्डबॉय म्हणून. एकदा टेलिफोनवरची बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली, तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून त्याला त्या खुर्चीत बसवलं, आणि तो पुढे उठलाच नाही. काम सांगायला सोपं होतं. रुग्णांना फोन करायचे. उद्या टाके काढायला या. परवा पट्टी सोडायची आहे. तुमचा नंबर लागला, उपाशीपोटी या, सोबत एक धडधाकट माणूस आणा. डॉक्टर काय म्हणाले ते गावाकडच्या म्हाताऱ्यांना दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत आठवत नसे, पण कमरोद्दीनचा फोन बरोबर लक्षात राही. आवाजच तसा होता. त्याची बायको जन्नत म्हणायची, ह्यांना फोन कशाला हवा, गच्चीवर उभं करा, कन्नडपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल.

आणि त्याच्याकडे एक वही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबोडकी. तिच्यात रुग्णाच्या नावापुढे फोन नंबर असे आणि त्यापुढे कमरोद्दीनची स्वतःची टिपणं. 'नाही उचलला तर पिठाच्या गिरणीवाल्या सखारामला सांगणे.' 'सुनेला सांगू नये, मुलीला सांगावे.' 'कानाने कमी, दोनदा बोलणे.' एक वही भरून झाली की तो नवी घेई. अशा अकरा वह्या झाल्या होत्या.

मग सहा महिन्यांपूर्वी ट्रस्टने नवा मॅनेजर आणला. विश्वजीत नाव, तिशीतला, स्वच्छ दाढी, बोलायला गोड. त्याने सगळे नंबर कॉम्प्युटरवर चढवले. नाव, वय, आजार, मोबाईल. एका माणसाला एक नंबर. गिरणीवाल्या सखारामला त्या तक्त्यात घर नव्हतं. वह्या रद्दीत गेल्या. जुन्या काळ्या फोनच्या जागी हेडफोन आला. आता नंबर फिरवायचा नव्हता, नावावर बोट दाबलं की घंटी जात होती. कमरोद्दीनने तेही शिकून घेतलं. दोन वर्षांवर निवृत्ती आलेला माणूस, नाही कसा म्हणणार?

पण गेल्या दोन महिन्यांपासून एक विचित्र गोष्ट होत होती. लोक फोन उचलेनासे झाले होते. दहा जणांना लावला तर दोघे उचलत. काही तर पहिल्याच घंटीला कट करत. कमरोद्दीनने स्वतःची समजूत घातली होती. मका काढणीचे दिवस आहेत, अद्रक काढायला आलंय, दिवाळीत माणसं गावोगाव गेलीत. दिवाळी होऊन महिना झाला तरी तो हीच समजूत घालत होता. एकदा विश्वजीतला सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, "डेटा जुना आहे कमरोद्दीनभाई. लोक नंबर बदलतात." ते ऐकून त्याला बरं वाटलं होतं, कारण दोष त्याच्या आवाजाचा नव्हता.

मनकर्णाबाई वहीतली नव्हती, तक्त्यातली होती. खुलताबादच्या वेशीबाहेरच्या वस्तीवर राहायची. एक डोळा लहानपणीच देवी आल्या तेव्हा गेलेला. दुसऱ्यावर सगळा संसार झाला. नवरा गेला, मुलगी रत्नमाला सासरहून परत आली, दोघी रोजाने जात. भादव्यात मक्याच्या रानात पान फटकन त्याच डोळ्याला लागलं. चार दिवस दूध घातलं, कुणीतरी मध घाल म्हणालं ते घातलं, आणि मग दवाखान्यात आली तेव्हा बुबुळावर पांढरं फूल पडलेलं होतं. औषधांनी जखम थांबली, पण बुबुळ इतकं पातळ झालं की कधीही फुटेल. मॅडमनी त्यावर तात्पुरता गोंद लावून ठेवला होता. वाकायचं नाही, खोकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. पहिलं बुबुळ येईल ते तुझं, असं मॅडमनी तिला शब्दच दिला होता. दर सोमवारी ती तपासायला येई.

त्या डोळ्याने तिला माणूस दिसत नव्हता. उजेड कळत होता आणि मोठे रंग कळत होते. मॅडमचा हिरवा गाऊन आला की ती उठून बसायची.

महिन्यापूर्वीच्या एका सोमवारी ती बाकावर बसून रडत होती. डोळ्यासाठी रडायला तिला मनाई होती, म्हणून तोंडात पदर कोंबून रडत होती. कुणी तरी फोन केला होता. सरकारी योजनेतून बोलतो म्हणाला, आलेला आकडा सांग म्हणाला. रत्नमालाने वाचून दिला, आणि खात्यात होतं नव्हतं ते सगळं गेलं. कमरोद्दीन तिच्याशेजारी बसला. त्याने तिचा फोन मागून घेतला. रत्नमालाचाच जुना, काच तडकलेला, पण चालणारा. त्यात त्याने अनोळखी फोन ओळखणारं अ‍ॅप टाकलं, आणि दवाखान्याचा नंबरही नावासकट साठवून ठेवला. मग स्वतःच्या मोबाईलवर, त्यात ते आधीपासून होतंच, असाच एक फसवा फोन येईपर्यंत वाट बघितली. असे फोन काय, अर्ध्या तासात येतातच. आला, तेव्हा त्याने तो तिच्या चेहऱ्यासमोर धरला.

"काय दिसतंय माय?"

"लाल."

"सगळा लाल झालाय नव्हं? आता तुमच्या फोनवर बी असंच होईल. लाल झाला की उचलायचा नाय. वाजू द्यायचा. कितीबी वाजला तरी हात लावायचा नाय. चोर हाय म्हणून समजायचं."

"लाल झाला की नाय उचलायचा," मनकर्णाबाई शाळेतल्या पोरीसारखी म्हणाली होती. "आन् तुमचा आला तर?"

"माझा लाल कसा होईल?" कमरोद्दीन हसला होता.

आता गुरुवारी दुपारी, अडीच वाजता, कागदावर नऊ रेघा होत्या. रत्नमालाचा नंबर तक्त्यात नव्हता, आणि घंटी नीट जात होती म्हणून आपल्या मोबाईलवरून लावून बघावं असं कमरोद्दीनच्या मनातही आलं नाही.

अडीचला तो खुर्चीतून उठला. खुलताबाद काही लांब नव्हतं. बसने तास, जीप मिळाली तर त्याहून कमी. आत्ता निघालं तर पाचच्या आत तिला घेऊन येता आलं असतं. पूर्वी तो गेलाही होता असा. एकदा एका म्हाताऱ्याला थेट लग्नाच्या मांडवातून उचलून आणलं होतं. त्याने टोपी डोक्यावर घातली, जिना उतरला. खाली फाटकाशी विश्वजीत कुणाशी तरी बोलत उभा होता.

"कुठे निघालात कमरोद्दीनभाई?"

गेल्या महिन्यात खुर्ची सोडून दोन तास गायब होता म्हणून त्याला एक कागद मिळाला होता. पुन्हा झालं तर बघू, असं त्यात सभ्य शब्दांत लिहिलं होतं. कमरोद्दीनने तो कागद जन्नतला दाखवला नव्हता.

"चहाला," तो म्हणाला.

"इथेच मागवा की."

"व्हय. मागवतो."

तो पुन्हा जिना चढला. वर जाता जाता त्याने स्वतःला सांगितलं, दुपारचं औषध घालून बाई डोळे मिटून पडली असेल, तीननंतर उठेल. खोटं नव्हतं ते. तसं असूही शकलं असतं. पण पुढे कितीतरी दिवस त्याला ते सोळा पायऱ्या परत चढणं आठवत राहिलं.

पाच वाजता तेरा रेघा झाल्या. मॅडम आल्या, कागदाकडे बघितलं, पुढचं नाव घ्या म्हणाल्या. कमरोद्दीनने यादीतल्या पुढच्या नावावर बोट दाबलं.

दुसऱ्याच घंटीला समोरून खणखणीत आवाज आला. "हॅलो! कोन बोलतंय?"

कमरोद्दीन दचकलाच. "कडुबा का? कन्नडचे? दवाखान्यातून कमरोद्दीन बोलतो. तुमचा नंबर लागला. रात्रीपर्यंत येता का?"

"येतो की! आत्ता निगतो. लेकाला सांगतो, जीप गावतीय का बगतो. भाऊ, खरंच लागला नव्हं? चेष्टा नाय ना?"

"चेष्टा नाय. फोन उचलला म्हणून लागला," कमरोद्दीन म्हणाला. त्याच्या आवाजात जरा कडवटपणा आला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. त्या बिचाऱ्याने काय केलं होतं?

शुक्रवारी सकाळी कडुबाच्या डोळ्यात ते बुबुळ बसलं. शनिवारी सकाळी पट्टी सोडली. मॅडमनी दोन बोटं धरली, कडुबाने दोन सांगितली. चार धरली, चार सांगितली. मग तो न विचारताच खोलीतल्या वस्तू मोजायला लागला. पंखा, खिडकी, कॅलेंडर. वॉर्डातली माणसं हसत होती. कमरोद्दीनही दाराशी उभा राहून हसत होता. कडुबाने त्याला जवळ बोलावलं आणि आपला मोबाईल त्याच्या हातात दिला. बटणांचा, रबर निघालेला, एवढासा पडदा असलेला.

"लेक म्हनतो नवा घ्या. म्या म्हनलं, आंधळ्याला काय करायचा नवा? ह्याला ना रंग, ना चित्र. वाजला की उचलायचा."

साडेअकराला रत्नमालाने मनकर्णाबाईला आणलं.

पहाटे तिला ठसका लागला होता. डोळ्यातून गरम पाणी आलं, आणि मग उजेडही दिसेना. जीपवाल्याला हातापाया पडून आणलं होतं. चौघडी घातलेला पदर तिने डोळ्यावर दाबून धरला होता आणि बाकावर अगदी ताठ बसली होती, कारण वाकू नको असं मॅडमनी सांगितलं होतं. मॅडम धावत आल्या, पदर बाजूला केला, टॉर्च मारला, आणि टॉर्च बंद केला. मग म्हणाल्या, "थिएटर तयार करा." त्यांचा आवाज कमरोद्दीनला ओळखता येत होता. डोळा वाचवायला निघालेला आवाज वेगळा असतो, आणि उरलंसुरलं शिवून टाकायला निघालेला वेगळा.

"कमरूभाऊ हाय का हितं?" मनकर्णाबाईने विचारलं.

"हाय माय. इथंच हाय." तो पुढे झाला. त्याला विचारायचंच होतं, ओठावर आलं होतं, की गुरुवारी कुठं होतीस बाई.

पण तीच बोलली. एवढ्या दुखण्यात तिच्या तोंडावर एक सांगायची घाई होती. "तुमी सांगितलं तसंच केलं बगा. परवा बेस्तरवारी त्ये लाल येत व्हतं. रत्ना कामाला गेलती, म्या एकलीच घरात. एकदा नाय, दोनदा नाय, तेरा येळा आलं. म्या मोजलं. हात बी लावला नाय. उशीखाली घातला तरी वाजतंय मेलं. म्या म्हनलं वाज किती वाजायचं त्ये. कमरूभाऊनं सांगितलंय."

कमरोद्दीन तिच्या तोंडाकडे बघत राहिला. शाबासकी हवी होती तिला. तेवढ्यात नर्स चाकाची खुर्ची घेऊन आली आणि तिला आत नेलं.

रत्नमाला बाकावर पिशवी घेऊन बसली होती. कमरोद्दीनने तिच्याकडे फोन मागितला. तो घेऊन आपल्या टेबलाशी गेला, खुर्चीवर बसला नाही. उभ्यानेच कॉम्प्युटरवर मनकर्णाबाईचं नाव काढलं आणि बोट दाबलं.

डाव्या हातातला फोन थरथरला. तडकलेली काच काठापासून काठापर्यंत लाल झाली. मध्ये पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: स्पॅम. चष्मा विक्री, त्रासदायक. खाली आकडा होता, आठशेहून जास्त लोकांनी तक्रार केली होती. नंबर कमरोद्दीनने जन्मात कधी पाहिलेला नव्हता.

फोन वाजत राहिला, लाल होऊन, त्याच्याच हातात. त्याने तो कापला नाही. पूर्ण वाजू दिला.

मग तो विश्वजीतच्या खोलीत गेला आणि दार न ठोठावता आत शिरला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

विश्वजीत वाईट माणूस नव्हता, हे सांगायलाच हवं. त्याने फोन हातात घेतला, दोनदा लावून बघितला, आणि त्याचा चेहरा उतरला. मग त्याने समजावून सांगितलं, जसं काही कमरोद्दीनलाच समजावणं बाकी होतं. दवाखान्याला कुणी फोन केला तर तो जुन्याच नंबरवर लागतो. पण नव्या यंत्रातून बाहेर जाणारा फोन समोरच्याला दुसऱ्याच नंबरवरून दिसतो. सगळ्या टेबलांना मिळून तो एकच नंबर. वरच्या मजल्यावर दसऱ्यापासून दोन मुली बसवल्या होत्या, चष्म्याच्या दुकानासाठी. एका चष्म्यावर दुसरा अर्ध्या किमतीत. दिवसाला तीन-चारशे फोन. ट्रस्टलाही पैसा लागतोच. वैतागलेल्या लोकांनी नंबरावर तक्रारी टाकल्या आणि नंबर लाल झाला.

"आणि मला कुणी सांगितलं का?" कमरोद्दीनचा तो प्रसिद्ध आवाज आज बारीक निघाला. "मी दोन महिने लाल फोन करत होतो? आन् मलाच ठाऊक नाय?"

"आपल्याकडून तर नीट घंटी जाते ना. कळणार कसं?"

"तिला मीच शिकवलं साहेब. मीच. लाल झाला की उचलू नको म्हणून."

विश्वजीतने टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "हे बघा, तिला यातलं काही सांगू नका. फोन लागला नाही, एवढंच. रेकॉर्डला तेरा कॉल आहेत. आपली बाजू स्वच्छ आहे."

कमरोद्दीनने खिशातला कागद काढला. तेरा रेघांचा. तो त्याने टेबलावर ठेवला, आणि परत उचलून खिशात घातला.

मनकर्णाबाईचा डोळा शिवला गेला. डोळा म्हणजे डोळ्याचा आकार. मॅडम बाहेर आल्यावर हात धुताना एवढंच म्हणाल्या, "गुरुवारी आली असती तर झालं असतं हो." त्यांनी ते कुणाला दुखवायला म्हटलं नव्हतं. कमरोद्दीनने ते ऐकलं आणि औषधांच्या कपाटामागे जाऊन रडला. छप्पन्न वर्षांचा माणूस, तोंडावर टोपी धरून.

नंतर सगळं झालं, झपाट्याने झालं. चष्म्याच्या मुलींना वेगळा नंबर दिला. रुग्णांसाठी स्वतंत्र नंबर घेतला आणि त्यावरून जाहिरात करायची नाही असं ठरलं. अ‍ॅपवाल्या कंपनीकडे अर्ज गेला. ट्रस्टची नोंदणी, वीजबिल, लेटरहेडवरचं पत्र. तुमची विनंती मिळाली आहे, असं उत्तर आलं. परत लिहिलं, परत तेच उत्तर आलं. कमरोद्दीन रोज सकाळी विश्वजीतच्या दारात उभा राही आणि फक्त विचारी, "झालं का?" अकराव्या दिवशी विश्वजीत स्वतः त्याच्या टेबलाशी आला. त्याने आपला मोबाईल पुढे धरला आणि फोन लावायला सांगितला. पडदा निळा झाला. वर दवाखान्याचं नाव, फाटकाचं चित्र, शेजारी बरोबरची खूण.

"बघा. आता निळा येतो. सगळ्यांना नावासकट दिसतं."

"निळा," कमरोद्दीन म्हणाला.

त्या दिवसापासून लोक पुन्हा फोन उचलू लागले. दहातले आठ, नऊ. टाके काढायला येतो म्हणत, कमरूभाऊ लई दिवसांनी आठवण काढली म्हणत. कमरोद्दीनने शहागंजातून एक लांबोडकी वही विकत आणली, लाल पुठ्ठ्याची मिळाली नाही म्हणून हिरव्या पुठ्ठ्याची, आणि जो उचलेल त्याला विचारू लागला, तुमच्या शेजारी कोण राहतं, त्याचं नाव सांगा.

रविवारी तो खुलताबादला गेला. जन्नतने विचारलं, कशाला, तर दर्ग्याला म्हणाला. पुन्हा खोटं. बसमधून उतरून वस्तीपर्यंत चालत गेला. मनकर्णाबाई दारात उन्हाला बसून शेंगा फोडत होती. दाणे एका पातेल्यात, टरफलं दुसऱ्यात, आणि दर चार शेंगांनंतर पातेलं जागेवर आहे ना ते हाताने चाचपून बघत होती. दोन्ही पापण्या मिटलेल्या होत्या. रत्नमाला आत भाकऱ्या थापत होती.

"कोन?"

"मी हाय माय. दवाखान्यातला."

"कमरूभाऊ!" तिने टरफलांचं पातेलं सरकवून जागा केली. "रत्ने, च्या ठिव गं. एवढ्या लांब का आलाव? बसा, बसा."

तो बसला. येताना बसमध्ये वाक्यं जुळवून आणली होती, त्यातलं एकही सापडेना. मग तो सरळच म्हणाला, "माय, त्या दिवशीचे लाल फोन चोराचे नव्हते. माझे होते. तुमच्यासाठी बुबुळ आलं होतं. दवाखान्याचाच नंबर लाल झाला होता आन् मला ठाऊक नव्हतं. मी तेरा येळा केला. तुम्ही उचलला नाय, कारण मीच तसं सांगितलं होतं."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

मनकर्णाबाईच्या हातात एक शेंग होती. ती तिने फोडली नाही, टाकलीही नाही. गल्लीतून एक मोटारसायकल गेली. कमरोद्दीनला वाटलं, शिव्या द्याव्यात हिने. हाकलून द्यावं.

"आन् त्ये बुबुळ?" तिने विचारलं.

"कन्नडच्या एका माणसाला बसवलं."

"दिसतंय त्याला?"

"दिसतंय."

"तेरा येळा," ती म्हणाली. मग हळू, "म्हंजे तुमी लई येळा केला, भाऊ. म्या उगंच शिव्या घातल्या त्याला."

कमरोद्दीनने मान खाली घातली. रत्नमाला उंबऱ्याशी आली होती. तिच्या पिठाच्या हातांकडे बघायचीही त्याची हिंमत होईना. तीच म्हणाली, "आता फोन येतील का दवाखान्याचे?"

"महिन्याला तपासणी असती. येतील. म्हणूनच तर आलो." त्याला हाताला काम मिळालं याचं हायसं वाटलं. त्याने तो तडकलेला फोन मागून घेतला, नवा नंबर त्यात साठवला, आणि त्या नंबराला एक वेगळी घंटी लावली, जुन्या टेलिफोनसारखी ट्रिंग ट्रिंग वाजणारी. ते लाल-निळ्याचं अ‍ॅप काढून टाकलं. बारा वाजता नव्या नंबरावरून मनकर्णाबाईला फोन कर, असं तो ड्युटीवरच्या नर्सला सांगून आला होता. बाराला पाच मिनिटं होती. त्याने फोन मनकर्णाबाईच्या दोन्ही हातांत नीट ठेवला, तिचा अंगठा धरून काचेवर कुठून कुठे सरकवायचा ते दाखवलं.

"ही घंटी आली की आमचाच. दुसऱ्या कुणाचा नाय."

"बरं."

तिघंही वाट बघत बसली. चहा उतू जाऊन चुलीत चरचरला, रत्नमाला उठली नाही. मग फोन वाजला. ट्रिंग ट्रिंग, तीच घंटी, अगदी स्पष्ट.

मनकर्णाबाई दचकली. तिचे हात फोनभोवती घट्ट झाले, अंगठा काचेवर येऊन थांबला. घंटी वाजत होती. तिने आपला मिटलेला चेहरा कमरोद्दीन बसला होता त्या बाजूला वळवला.

"उचलू का, भाऊ?"

कमरोद्दीनला हो म्हणायचं होतं. आवाज फुटेना.